माझं कांडोळ आणि तिची अळंबी

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर पहिलाच प्रश्न केला, "वनखात्यात उभी हयात काढलीत, वाघाचा एखादा थरारक प्रसंग असेलच?" मी म्हणालो, आमच्या बाजूला वाघापेक्षा साहेबांच्या जीपचीच धास्ती जास्त असायची. मग ते बिबट्यावर उतरले, तिथून अस्वलावर आले. अस्वल आहे, मी म्हटलं, पण ते जरा वेळ येतं, वारूळ उकरतं आणि निघून जातं. "मग तुम्ही लिहिणार कशावर?" एका झाडावर आणि एका कुत्र्याच्या छत्रीवर, असं मी सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "बरं, लिहा. फोटो असतील तर पाठवा."

फोटोंचंच तर दुखणं आहे. छत्रीचे हवे तेवढे मिळतील. पेपरात आले आहेत, शाळेच्या भिंतीवर तिचं चित्र आहे, आमच्या घरातल्या फोनमध्येही माझ्यापेक्षा तिचेच फोटो जास्त आहेत. झाडाचा मात्र एकच फोटो निघाला. त्यातही पुढे ती छत्री ऐटीत उभी आहे आणि झाड मागे, वरून कापलेलं.

तेव्हा आधीच सांगून टाकतो. हा जळफळाटाचा लेख आहे. ज्यांना उदात्त काही वाचायचं असेल त्यांनी पान उलटावं.

मी वनपाल म्हणून निवृत्त झालो. घर धामणगाव बढ्याला. नोकरीतला मोठा काळ अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, मोताळा तालुक्यातल्या एका रोपवाटिकेत गेला. रोपवाटिका म्हटलं की लोकांना गुलाब आठवतात. आमच्याकडे गुलाब नाहीत. काळ्या पिशव्या, माती, वाळू, शेणखत, आणि दिवसभर उकिडवं बसून गुडघे गमावणं, एवढाच तो धंदा. बी गोळा करायचं, वाळवायचं, पेरायचं, उगवलेलं जगवायचं आणि पावसाळ्यात डोंगरावर नेऊन लावायचं. लावल्यावर निम्मं शेळ्या खातात, उरलेलं ऊन खातं. त्यातून जे वाचतं त्याचा फोटो वरिष्ठ काढतात.

गिऱ्हाईकही यायचं. सवलतीत रोपं मिळतात म्हणून लोक सागवान मागायचे, आंबा मागायचे, बांबू मागायचे. मी प्रत्येकाला कांडोळ दाखवायचो. कांडोळ म्हणजे आपलं पांढरूख. साल पांढरीशुभ्र, गुळगुळीत, कागदासारखे पापुद्रे सुटणारी. वर्षातले कितीतरी महिने अंगावर पान नाही. चांदण्यात खडकावर उभं असलं की पाहणारा वाट बदलतो. म्हणून आमच्याकडे त्याला सरळ भुताचं झाड म्हणतात. एकदा मोताळ्याचे एक गुरुजी नव्या घरापुढे सावलीला झाड पाहिजे म्हणून आले. मी मोठ्या कौतुकानं कांडोळाचं रोप पुढे केलं. ते दोन पावलं मागं सरले आणि म्हणाले, "साहेब, मले सावली पाह्यजे. उन्हाळ्यात नागडं राह्यते ते झाड, अन् रातच्याला भूत दिसते. बायको घरात पाय ठेवन काय मंग?" त्यांनी कडुनिंब नेला. मी ते रोप पुन्हा वाफ्यात ठेवलं आणि त्या दिवशी बाकी कुणाला कांडोळ दाखवलंच नाही.

हे झाड संपत चाललंय ते त्याच्या डिंकामुळं. खोडाला हलकी चीर मारली की चीक येतो, तो वाळला की डिंक. औषधांत जातो, खाण्याच्या जिनसांतही जातो, भाव चांगला येतो. हलकी चीर झाड भरून काढतं. पण चोराला घाई असते. तो कुऱ्हाडीनं गाभ्यापर्यंत खाच पाडतो, आणि हे येडं झाड सगळा जीव त्या जखमेत ओतत राहतं. मग पोखरतं आणि एखाद्या वादळात पडतं. या डिंकाला शिरक्यासारखा आंबूस वास येतो, आणि तो वास माझ्या नाकात कायमचा बसला आहे. एकदा मलकापूरच्या एसटीत माझ्या शेजारी एक पोक्त गृहस्थ गादीची वळकटी मांडीवर घेऊन बसले होते. मी साध्या कपड्यांत होतो. विचारलं, "लग्नाचं सामान का?" "हाव, लेकीच्या लग्नाचं." "मंग गादीले लोणच्याचा वास काऊन येऊन राह्यला?" गृहस्थ पुढच्या थांब्याला उतरायला निघाले, मीही त्यांच्या मागोमाग उतरलो. गादीत कापसाऐवजी डिंक निघाला. नोकरीत मला मिळालेली शाबासकी ती तेवढीच.

आमच्या डोंगरात एका नाल्याच्या वर एक जुनं कांडोळ होतं. मी त्याला थोरलं म्हणायचो. बाकीची झाडं एकतर कोवळी होती, नाहीतर चोरांनी पार खलास केलेली. भरपूर आणि पोसलेलं बी धरायचं ते एकट्या थोरल्यानंच. चैत्र संपता संपता त्याला लालबुंद, पाच पाकळ्यांची फळं लागत. दिसायला देखणी, पण अंगावर बारीक कुसं. हाताला लागली की खाजकुयलीसारखी आग. मी गोणपाट पांघरून ती काढायचो आणि घरी आल्यावर सुमन, माझी बायको, मला अंगणातच उभं करून डोक्यावर बादली ओतायची. रोपवाटिकेतलं कांडोळाचं प्रत्येक रोप थोरल्याचं होतं. ते गेलं की या डोंगरातलं कांडोळाचं बी संपलं, हे मला ठाऊक होतं. थोरलं माझ्या हयातीत पडू नये, निदान निवृत्तीपर्यंत तरी पडू नये, एवढीच माझी इच्छा होती.

रोपवाटिकेतला माझा खरा वैरी शेळी नव्हती, बुरशी होती. बी उगवतं, रोप दोन पानांवर येतं, आपण खूश होतो, आणि एका सकाळी ते मानेत वाकून आडवं झालेलं असतं. शेजारचंही, त्याच्या शेजारचंही. हाच मर रोग. मोरचूद आणि चुना कालवून फवारायचा, माती उन्हात भाजून घ्यायची, पाणी हात आखडून द्यायचं. माझी नखं मोरचुदानं कायम निळी असायची. सांगायचं म्हणजे, मी जन्मभर बुरशी मारली. आणि नोकरी संपत आली तेव्हा माझ्या हद्दीत बुरशीवर जीव टाकणारी बाई आली.

वैशाली तायडे वनरक्षक म्हणून रुजू झाली. मलकापूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेली, वडील शेतमजूर, आई डोंगराच्या कडेच्या गावातली. कामाला वाघीण. पहिल्याच महिन्यात ती मला थोरल्याकडे घेऊन गेली. मला वाटलं, पोरीला झाड आवडलं. तिनं झाडाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या बुडापासून थोड्या अंतरावर एक बसकं वारूळ होतं, तिथं ती थांबली.

"साहेब, या वारुळाले कोणाले हात लावू देऊ नका."

"काऊन? साप हाये का?"

"अळंबी हाये. आता दिसत नाही, श्रावणात येते."

"म्हणजे कुत्र्याची छत्री."

"कुत्र्याची नाही साहेब, उधईची."

मग तिनं सांगितलं. उधई, म्हणजे वाळवी, मेलेलं लाकूड आणि पाला आणून चावते, त्याचे वारुळात खाली वाफे करते आणि त्या वाफ्यांवर ही बुरशी वाढवते. बुरशी लाकूड मऊ करते, उधई ते खाते. पावसात एखाद्या वर्षी त्यातूनच लांब देठाची छत्री जमीन फोडून वर येते. "माणसाले हे अजून नाही जमलं," ती म्हणाली. "बटणावाले मशरूम होतात पेंढ्यावर. ही अळंबी उधईशिवाय कोणाच्याच हाताखाली येत नाही." थोडक्यात, उधईची रोपवाटिका माझ्या रोपवाटिकेपेक्षा चांगली चालते, असं ही पोरगी मला ऐकवत होती. तिचा मुळीच तसा हेतू नव्हता. पण मला ते लागलं.

सांगताना तिनं एकदाही वारुळाकडे बोट केलं नाही. मूठ वळून, अंगठ्यानं दाखवलं. मी कारण विचारलं. म्हणाली, "आईनं लावलेली सवय. बोट दाखवलं तं दुसऱ्या वर्षी येत नाही म्हणते. मले पटत नाही ते, पण बोटच निघत नाही." तिच्या आईकडच्या बायकांत रीतच होती. अळंबीची जागा कुणी कुणाला सांगत नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. मुलगी मोठी झाली की आई एकदा सोबत नेते, डोळ्यानं खुणावते, आणि पहिली उगवलेली छत्री तशीच ठेवून पुढच्या उचलते. आता जेसीबीनं बांध आणि वारुळं सपाट झाली, शेताच्या कडेच्या धुऱ्यावर तणनाशक पडायला लागलं, तशा त्या जागा एकेक करून संपल्या.

मी घरी येऊन सुमनला हे हसत हसत सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "थोरल्याखालचं वारूळ ना? माह्या मायनं दाखवलं होतं मले."

मी पाट ओढून समोर बसलो. ती याच भागातली, डोंगरापलीकडच्या गावची. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी रोज त्या झाडाखाली जातो, आणि हिनं मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. "सांगत नसतात," ती म्हणाली. पण पुढच्या आठवड्यात वैशाली चहाला आली, तेव्हा दोघी स्वयंपाकघरात बसून त्याच वारुळाविषयी तासभर बोलत होत्या. मी ओसरीवर बसून बशीतला चहा गार केला. जळलो, दुसरा शब्द नाही.

त्या श्रावणात अळंबी आली. रात्री विजा कडाडल्या आणि सकाळी वारुळाभोवती पांढऱ्या, मधे करडं टोक असलेल्या छत्र्या उभ्या. वैशालीनं फोनवर चित्रफीत काढली. पेपरवाले आले. पुण्याहून एक संशोधक बाई आल्या, जमिनीवर पालथ्या पडून भिंगातून बघत राहिल्या. मी त्यांना म्हणालो, "मॅडम, वर पण बघा, हे कांडोळ आहे, फार दुर्मीळ होत चाललंय." त्या उठल्या, "अरे वा, सुंदर," म्हणाल्या आणि खोडाला टेकून पुन्हा खाली वाकल्या. टेकायला झाड बरं होतं.

वन्यजीव सप्ताहात शाळेत बोलायचं काम दरवर्षी माझं असे. मी कांडोळावर बोलायचो. मुलं जांभया द्यायची, मास्तरही. त्या वर्षी माझ्यानंतर वैशाली उठली आणि तिनं ती चित्रफीत पडद्यावर लावली. माती हलते, भेगाळते आणि आतून टोकदार डोकं वर येतं. पोरं बाकांवर उभी राहिली. नंतर चित्रकलेच्या तासाला सगळ्यांनी छत्र्या काढल्या. एका मुलीनं मागे पांढरं झाड काढलं होतं. मी मोठ्या आशेनं विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "लाइटाचा खांब."

पुढं प्रसंग आला तो निधीचा. वर्षअखेरीला रेंजर साहेबांकडे थोडा पैसा उरला, एका ठिकाणी कुंपण आणि फलक एवढाच. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. खुर्चीत रेलून म्हणाले, "एकच जागा द्या. तुमच्या दोघांत जास्त धोक्यात कोण आहे ते ठरवा."

मी तयारीनिशी गेलो होतो. झाडं किती तोडली गेली, किती जखमी आहेत, नवी का उगवत नाहीत, सगळं सांगितलं. म्हणालो, "साहेब, या डोंगरातलं प्रत्येक कांडोळ मी ओळखतो. एकेक करून जाताना पाहिलंय. अळंबीचं काय? या वर्षी नाही आली तर पुढच्या वर्षी येईल."

वैशाली उठली. ती शांतपणे बोलली, आणि तिनं हे माझ्याकडे पाहून सांगितलं, साहेबांकडे नाही. "सरांचं झाड मरते तं उभ्यानं मरते. समद्यांले दिसते. सर त्याच्यापाशी जाऊन बसतात, वाईट वाटून घेतात. माह्यं तसं नाही. अळंबी वर्षभर जमिनीखाली राह्यते. ती हाये का मेली, मलेच माहीत नसते. ज्या वर्षी ती खरंच संपन, त्या वर्षी बी लोक हेच म्हणतीन, या वर्षी नाही आली, पुढच्या वर्षी येईन."

साहेब खुर्चीत ताठ बसले. मुद्दा बिनतोड होता आणि तो तिनं माझ्याच वाक्यातून काढला होता. इतक्या वर्षांत माझ्या झाडासाठी मला असं एक वाक्य सुचलं नव्हतं. झाडापेक्षाही मला त्या वाक्याचा हेवा वाटला.

कुंपण मंजूर झालं. झाड आणि वारूळ जवळजवळ असल्यानं तारा दोघांभोवती आल्या, पण फलक आला तो 'वारुळावरील अळंबी संरक्षित क्षेत्र' असा, ठळक अक्षरांत. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तर मजुरांनी तो फलक थोरल्याच्या खोडावर खिळे ठोकून लावलेला. खिळ्यांभोवती चीक आला होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पक्कड आणायला रोपवाटिकेत गेलो, परत आलो तोवर वैशालीनं फलक उतरवला होता आणि ती खिळ्यांची भोकं ओल्या मातीनं लिंपत होती. मजुरांना फैलावर घेऊन झालं होतं. माझ्याकडे करायला काहीच उरलं नव्हतं. भांडायलासुद्धा तिनं जागा ठेवली नाही, याचाही मला राग आला.

कबूल केल्याप्रमाणे अस्वल इथे येतं. हिवाळ्यात एका सकाळी ते कुंपण वाकवून आत शिरलं आणि उधई खायला वारूळ उकरून गेलं. बातमी कळली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा गुदगुल्या झाल्या. मग तिथं जाऊन पाहिलं. वैशाली मातीच्या ढेकळांत बसली होती. ढेकळांत जाळीदार, भुकटीसारखे गोळे विखुरले होते, तिच्या बुरशीचे वाफे. ती एकेक गोळा ओंजळीत धरून खड्ड्यात परत ठेवत होती. मर रोगानं वाफा बसला की मी अगदी तसाच बसायचो. मी खुरपं घेतलं आणि माती लोटू लागलो. उधईनं महिनाभरात वारूळ पुन्हा उभं केलं. माझे वाफे असे कधी आपोआप उभे राहिले नाहीत.

निवृत्तीला थोडे महिने उरले तेव्हा थोरल्याच्या खोडावर उधईची मातीची नळी चढलेली मला दिसली. बुडापासून थेट चोरांच्या जुन्या खाचेपर्यंत. झाडाच्या बुडाशी वारूळ ठेवून मी झाडाचा घात केला, असंच वाटलं. मी धामणगावच्या कृषी केंद्रातून उधईच्या औषधाचा डबा आणला आणि भर दुपारी वर गेलो. वैशाली गस्तीवर होती. तिनं माझ्या हातातला डबा पाहिला आणि वाट अडवून उभी राहिली नाही. बाजूला सरकली.

"टाकायचं असन तं टाका साहेब. तुमच्या हाताखाली हाये मी. पण एक डाव खोडावर थाप मारून पाहा."

"मले शिकवते का?"

"नाही. तुम्हाले माहीत हाये म्हणूनच सांगून राह्यली."

मला माहीत होतंच. गेली काही वर्षं मी त्या खोडावर हात फिरवत होतो, थाप मारत नव्हतो. मारली. आवाज रिकाम्या कणगीसारखा आला. चोरांनी कधीकाळी पाडलेल्या खाचेतून आतला गाभा केव्हाच कुजला होता. उधई जिवंत लाकडाला शिवलीच नव्हती, मेलेलं तेवढं उचलून नेत होती. थोरलं बाहेरच्या चार बोटं सालीवर उभं होतं, आणि तेवढ्यावरच मला दरवर्षी बी देत होतं.

मी डबा दुकानात परत केला. दुकानदारानं विचारलं, "काय झालं साहेब, उधई गेली का?" मी म्हणालो, "नाही. राहू दे तिला."

माझ्या निरोप समारंभाला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. वैशालीनं कांडोळाच्या सालीचे गळून पडलेले पापुद्रे एका चौकटीत लावून दिले. खाली काही लिहिलं नव्हतं. सुमननं ती चौकट देवघराशेजारी टांगली. माझ्या साऱ्या नोकरीत त्या झाडाची आठवण म्हणून घरी काही आणावं, हे मला सुचलं नव्हतं. तिला सुचलं.

मी निवृत्त झाल्यावरच्या पहिल्या चैत्रात थोरल्याचं बी तिनं काढलं. फोन केला तर म्हणाली, "काका, अंगाची आग आग होऊन राह्यली." निवृत्तीनंतर ती मला काका म्हणायला लागली होती. मी गोणपाटाची युक्ती सांगितली, बादलीची सांगितली. ज्येष्ठात एका संध्याकाळी वादळ झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा पुन्हा फोन आला. ती नुसतं "काका" म्हणाली आणि थांबली. मी म्हटलं, "कोणत्या अंगाला पडलं?"

"नाल्याकडं. वारुळाच्या बाजूनं."

मी लगेच गेलो नाही. आठवडाभर मलकापूरला बहिणीकडे जाऊन राहिलो. मग एक दिवस गेलो. आडवं पडलेलं थोरलं उभं असताना दिसायचं त्याहून पुष्कळ मोठं होतं. पोकळ खोडात माझा सबंध हात गेला. रेंजमधून लाकूड उचलायची गोष्ट निघाली होती, वैशालीनं अर्ज करकरून ते तिथंच ठेवायला लावलं. तिनं मला रोपवाटिकेत नेलं. शेवटच्या बियांची रोपं पिशव्यांत उभी होती. मान वाकलेलं एकही मला दिसलं नाही. मी विचारलं, फवारा कशाचा दिला? म्हणाली, फवारलं नाही काही, माती भाजली नाही, उलट झाडाखालची थोडी माती मिसळली. माझ्या वाफ्यात ही रोपं तिच्या हाताखाली माझ्याहून बरी आली होती. ती डोंगरावर तग धरतील का, ते तिलाही सांगता येत नव्हतं, मलाही नाही. पण मी पिशव्या हातात घेऊन एकेक रोप पाहिलं, आणि मला आनंद व्हायच्या आधी हेवा वाटला.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात, म्हणजे गेल्या श्रावणात, अळंबी आली. अशी कधी आली नव्हती. वारुळाभोवती तर होतीच, पण पडलेल्या खोडाच्या कडेकडेनं, नाल्याच्या उतारापर्यंत रांग गेली होती. वैशाली मला आणि सुमनला घेऊन गेली. तिघंही मुठी वळून उभे होतो.

"थोरल्याचं खाऊनच आली ना ही?" मी विचारलं.

"तसं नाही सांगता येत, काका. पाऊस बी चांगला झाला या वर्षी. पुरावा पाह्यजे."

मला पुरावा नको होता. उधईनं माझं झाड आत नेलं होतं आणि त्याची अळंबी करून वर काढली होती. ज्या झाडासाठी मी हात खाजवून घेतले, पोरांच्या जांभया सोसल्या, त्या झाडानं आपलं सगळं वैशालीला देऊन टाकलं होतं. रोपंही तिच्याकडे आणि छत्र्याही तिच्याकडे. हेवा कुणाचा करावा हेही मला नीट कळेना.

दोन दिवसांनी ती घरी आली. पळसाच्या पानात काही छत्र्या होत्या, देठ मोडलेल्या. "तोडल्या नाहीत," ती दारातच म्हणाली. "वानरं कुंपणात शिरले होते, त्यायनं तुडवल्या. वाया जातीन म्हणून आणल्या." तिनं त्या जागेतली अळंबी आजवर कधी स्वतः खाल्ली नव्हती, कुणाला खाऊही दिली नव्हती. मीही कधी खाल्ली नव्हती, ईर्षेपायी. बाजारात मिळाली तरी हातात धरली नाही.

सुमननं त्यातली एक बाजूला काढून तुळशीपाशी मातीत ठेवली. बाकीच्या कांदा आणि लाल तिखट घालून परतल्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर वाढल्या. आम्ही तिघं जेवायला बसलो. पहिला घास मी तोंडात घेतला आणि बराच वेळ चावत राहिलो. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

"कशी झाली?" सुमननं विचारलं.

"मीठ कमी हाये," मी म्हणालो.

मीठ बरोबर होतं. वैशालीनं मान खाली घातली, हसली की काय मला दिसलं नाही. कढईत आता थोडंसंच उरलं होतं, एका माणसापुरतं. सुमन ते वैशालीच्या ताटात वाढायला निघाली.

मी माझं ताट पुढे केलं. म्हणालो, "तिले रोपं भेटली. हे मले वाढ."